लॉरेन्स बिराजदार कुणाचा?

न्यायनिवाड्याच्या बाबतीत सबंध शुक्रवार पेठेत प्रभाताईंचा हात धरणारं माणूस नव्हतं, असं प्रभाताईंचं स्वतःचं मत होतं. आणि ते मत त्या कुणापासून लपवून ठेवत नसत! "माझ्यापुढं आपला-परका असं काही नसतंच मुळी," त्या म्हणायच्या. "सख्खा भाऊ असला तरी चूक ती चूक!" सख्खा भाऊ लातूरला राहत असल्यामुळं हे विधान तपासून बघायची वेळ कधी आली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

दोन वर्षांपूर्वी या गुणाला रीतसर पद मिळालं. झालं असं, की समोरच्या गिरिजाबाईंच्या ओवीनं, म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं, आईच्या मोबाइलमध्ये क्रिकेटचा एक खेळ घालून दिला. गिरिजाबाईंनी तो प्रभाताईंच्या मोबाइलमध्ये घातला. बघता बघता गल्लीत आठ जणांचे आठ संघ झाले. यातले खेळाडू खरे नव्हेत बरं का! सगळे संगणकानं जन्माला घातलेले. त्या बिचाऱ्या संगणकाला कुणीतरी आपल्याकडची आडनावं पोत्यानं ओतून दिली असावीत, आणि नावं दुसऱ्याच पोत्यातली! लॉरेन्स बिराजदार काय, गुरनाम पोतदार काय, इवान क्षीरसागर काय! रोज संध्याकाळी पाच वाजता संगणक आपला आपणच मॅच खेळतो. आपण फक्त निकाल बघायचा आणि रक्तदाब वाढवून घ्यायचा.

मधल्या वेळात मात्र खेळाडूंची अदलाबदल करता येते. माझा बॉलर घे, तुझा बॅट्समन दे. त्यात कुणी कुणाला टोपी घालत नाही ना, हे बघायला एक प्रमुख लागतो. ॲपमध्ये त्याला कमिशनर म्हणतात. सगळ्यांनी एकमतानं प्रभाताईंना कमिशनर केलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. त्या दिवसापासून कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार शिवप्पा, ज्याचा स्वतःचाही एक संघ होता, साखर बांधता बांधता म्हणू लागला, "कमिशनरबाई, ते आमच्या बोळातल्या खड्ड्याचं तेवढं बघा की!"

आणि प्रभाताई 'बघते हं' म्हणायच्या! पद असं अंगात मुरतं.

त्या मंगळवारी दुपारी दीडच्या सुमाराला प्रभाताई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. टिंग! मोबाइलवर अक्षरं उमटली : 'सौदा मंजुरीसाठी. गिरिजा इलेव्हन देणार : लॉरेन्स बिराजदार. होटगी एक्सप्रेस देणार : गुरनाम पोतदार.'

प्रभाताईंनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. अक्षरं तीच!

खाली ॲपनं तराजूचं चित्र काढलं होतं. बिराजदारचं पारडं जमिनीला टेकलेलं. पोतदारचं असं वर गेलेलं, की त्यात माशी बसली असती तरी वजन वाढलं असतं! आणि ते खरंच होतं. बिराजदार म्हणजे लीगमधला पहिल्या नंबरचा बॅट्समन. उतरला की सत्तर-ऐंशी ठरलेले. पोतदार तिसऱ्या चेंडूला बाद व्हायचा आणि उरलेला सीझन जायबंदी असायचा. एकदा तर मैदानात उतरण्याआधीच त्याचा पाय मुरगळला होता! आता संगणकाच्या पोटात कसला आलाय पाय आणि कसलं मुरगळणं? पण पोतदारनं ते जमवलं होतं.

पण प्रभाताईंच्या काळजात घुसलं ते वेगळंच. गेल्या महिन्यात याच बिराजदारसाठी त्यांनी गिरिजाबाईंपुढं दोनदा पदर पसरला होता. "अक्का, दोन बॉलर देते, एक विकेटकीपर देते, वर घरच्या कडक भाकऱ्या देते!" तेव्हा गिरिजाअक्का काय म्हणाल्या होत्या? "न्हाय गं प्रभे. लेकागत हाय त्यो मला. लेक देतंय का कुणी?"

लेक देत नाहीत म्हणे! मग आता काय केलं? दत्तक दिला की! आणि कुणाला? नाजनीनला!

नाजनीन म्हणजे होटगी एक्सप्रेस या संघाची मालकीण. सहा महिन्यांपूर्वी पेठेत राहायला आलेली. नवरा होटगीला रेल्वेत, ही इथं हायस्कुलात गणिताची बाई. वय अडतीस, बोलणं गोड, चालणं झपाझप. प्रभाताईंचा गुडघा धरल्यापासून गिरिजाबाईंना संध्याकाळी फिरायला सोबत नव्हती, ती नाजनीननं दिली. बरं, द्यायला हरकत नाही. पण गिरिजाबाई तिला 'नाजू' म्हणायला लागल्या होत्या! सहा महिन्यांत नाजू! प्रभाताईंना बावीस वर्षांत 'प्रभे'च्या वर बढती मिळाली नव्हती.

"अहो, ऐकलंत का? अक्कांनी बिराजदार देऊन टाकला!"

एकनाथराव, म्हणजे प्रभाताईंचे यजमान, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं फायली हाताळल्यामुळं घरातल्या भांडणालाही ते जावक क्रमांक देतील असा त्यांचा स्वभाव. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"कुठला बिराजदार? गॅसवाला?"

"लॉरेन्स!"

"गॅसवाल्याचं नाव लॉरेन्स आहे?"

"अहो, बॅट्समन! त्या नाजनीनला दिला! पोतदारच्या बदल्यात! सरळसरळ अन्याय आहे हा!"

"कुणावर?"

"लीगवर!"

एकनाथरावांनी चष्म्यावरून बघितलं. "एक विचारू? हाच बिराजदार अक्कांनी तुला दिला असता, तर तो अन्याय झाला असता का?"

"मला दिला असता तर प्रश्नच नव्हता!"

"का बरं?"

"कारण मी निःपक्षपाती आहे!"

एकनाथराव पुन्हा पेपरात गेले. पण नोटिशीची भाषा त्यांच्याशिवाय कुणाला येणार? प्रभाताईंनी त्यांना खुर्चीसकट ओढून आणलं आणि अर्ध्या तासात नोटीस तयार झाली :

'विषय : अन्यायकारक अदलाबदलीस नामंजुरी देणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर व्यवहारात एका पक्षास अवाजवी लाभ होत असून त्यामागील हेतू संशयास्पद वाटतो. सबब सदर व्यवहार रद्द करण्यात येत आहे.'

"ते 'हेतू संशयास्पद' काढ," एकनाथराव म्हणाले. "सबंध नोकरीत मी हा शब्द एकदाच लिहिला. त्या माणसाची गडचिरोलीला बदली झाली."

"राहू द्या! नोटिशीला जरा वजन येतं!"

आणि प्रभाताईंनी 'रद्द'वर बोट दाबलं. असं दाबलं, की बोटाला चिकटलेलं कोथिंबिरीचं पान स्क्रीनवर उमटलं.

ग्रुपवर आधी एकानं डोळे विस्फारलेलं चित्र टाकलं. मग शिवप्पा : 'हेतू संशयास्पद म्हंजे? मॅच फिक्सिंग का काय?' मग इंद्रजीत. हा इंद्रजीत वकिलीची परीक्षा तीनदा दिलेला, आणि तिन्ही वेळा तपासणाऱ्यांची चूक झालेला. बुधवारी त्याच्या संघाची गाठ नेमकी नाजनीनच्या संघाशी होती, त्यामुळं बिराजदार तिकडं न जाण्यात त्याचं हित किती होतं ते सांगायला नको. त्यानं लिहिलं : 'कमिशनर मॅडमच्या निर्णयाचे स्वागत. परंतु प्रकरण इथे थांबू नये. सखोल चौकशी व्हावी. होटगी एक्सप्रेसचे सर्व जुने व्यवहार तपासावेत.' त्याखाली एकानं हात जोडलेलं चित्र टाकलं, एकानं विस्तवाचं. एकानं चुकून शुभ सकाळ टाकलं.

नाजनीनचा एकही शब्द नाही. गिरिजाबाईंचाही नाही.

रोज दुपारी तीन वाजता प्रभाताई आणि गिरिजाबाई गिरिजाबाईंच्या पायरीवर बसायच्या. शेंगा फोडायच्या आणि जगाची उणीदुणी काढायच्या. त्या दिवशी तीन वाजता पायरी रिकामी होती. दार लोटलेलं. प्रभाताई चारदा दारात जाऊन आल्या. एकदा रांगोळी नीट करायला, एकदा मांजर हाकलायला, आणि दोनदा नुसत्याच, कारण मांजर केव्हाच गेलं होतं.

संध्याकाळी सहा वाजता समोरचं दार उघडलं. गिरिजाबाई बाहेर आल्या. कोपऱ्यावरून नाजनीन आली. दोघी खाली मान घालून, अगदी खांद्याला खांदा लावून फिरायला गेल्या! प्रभाताई खिडकीतून बघत होत्या. म्हणजे बघत नव्हत्या, पडदा सारखा करत होत्या. अर्धा तास.

"पडदा फाटेल," आतून एकनाथराव म्हणाले.

"फाटू दे!"

बुधवार गेला, गुरुवार गेला. गिरिजाबाई दिसल्या तरी अशा बघायच्या, जसं समोर प्रभा नसून विजेचा खांब आहे. शुक्रवारी सकाळी ग्रुपवर नाजनीनचा मेसेज आला : 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला, माफ करा. रविवारनंतर मी लीग सोडते. पोतदार कुणाला हवा असेल तर सांगा.'

पोतदार कुणालाच नको होता. पण त्याखाली तीन दिवसांत पहिल्यांदा गिरिजाबाई उमटल्या : 'नाजू जाईल त्या दिवशी मी बी जाईन.'

प्रभाताईंचा हात पिठात होता. तो तसाच राहिला. बघा म्हणजे! लीग सुरू केली आपण दोघींनी, संघांची नावं ठेवली आपण दोघींनी, आणि आता निघताना जोडी कुणाची? त्या गणिताच्या बाईची! नाजनीनवर अन्याय झाला म्हणून गिरिजाबाई निघाल्या. आपल्यावर एवढा अन्याय झाला, तर आपल्यासाठी कोण निघालं? (आपल्यावर नक्की कोणता अन्याय झाला, हे प्रभाताईंना त्या क्षणी सांगता आलं नसतं. पण झाला होता! पोटात जळत होतं, म्हणजे झालाच असणार.)

"रविवारी अकरा वाजता आमच्याकडं जाहीर सुनावणी," त्यांनी ग्रुपवर टाकून दिलं. "दूध का दूध, पानी का पानी!"

रविवारी प्रभाताईंच्या बाहेरच्या खोलीत आठही मालक जमले. सगळ्यांसाठी पोहे होते. न्याय उपाशीपोटी करू नये, असं त्यांचं मत. गिरिजाबाई नाजनीनचा हात धरून आल्या आणि दाराजवळच्या बाकड्यावर बसल्या. पोह्यांना हात लावला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा! प्रभाताईंनी मुद्दाम लिंबू जास्त पिळलं होतं, अक्कांना आवडतं म्हणून.

इंद्रजीत उभा राहिला. "आरोप असा आहे..."

"खाली बस रे," गिरिजाबाई म्हणाल्या. "आरोप करायला तू काय कोर्टाचा बेलीफ हाईस? प्रभे, तू विचार. काय विचारायचं ते तू विचार."

प्रभाताईंनी घसा साफ केला. 'अक्का' हा शब्द ओठांवर आला होता, तो गिळून त्या म्हणाल्या, "गिरिजा इलेव्हनच्या मालकांनी सांगावं, की लीगमधला सगळ्यात भारी बॅट्समन सगळ्यात टाकाऊ खेळाडूच्या बदल्यात का दिला?"

"बदल्यात दिलाच न्हाय."

"मग?"

"वटी भरली!"

खोलीत कुणाला काही कळेना. शिवप्पाचा पोह्यांचा घास हवेतच राहिला.

"काय भरलं?"

"वटी! ओटी! मराठी कळतंय न्हवं?" गिरिजाबाईंनी पदर खोचला. "सोमवारी ही फिरायला आली आन् माझ्या दारातच हिची चप्पल तुटली. म्हटलं आत ये. सा महिनं झालं, पोरगी रोज बाहेरनं हाक मारती, पर उंबऱ्याच्या आत पाय टाकला न्हवता. पैल्यांदा घरात आली. च्या झाला. निघाली. मी कपाट उघडती तर खण न्हाय! डब्यात बघती तर नारळ न्हाय! आता पैल्यांदा घरी आलेली बाई रिकामी लावून देऊ? माझ्या सासूनं वरनं काय म्हटलं असतं? हातात मोबाइल हुता. म्हटलं पसर पदर, बिराजदार घे!"

"मी नक्को नक्को म्हणत होते," नाजनीन हळूच म्हणाली. "पण त्या ऐकेचनात. मग मी ओढणी पसरली. त्यांनी मोबाइल माझ्या ओढणीत ठेवला आणि वरून बटण दाबलं."

"पर ते ॲप मेलं चेंगट! फुकट देऊ देईना! बदल्यात कायतरी घ्या म्हणतंय. म्हटलं नाजू, तुला नको असंल ते टाक. तिनं दुसऱ्या दिशी दुपारी पोतदार टाकला."

"चांगला दिला असता, ताई. पण माझ्याकडे चांगला एकही नव्हता. सलग नऊ मॅच हरले मी."

शिवप्पानं ताटली खाली ठेवली आणि दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "आरारारा! कमिशनरबाई, भरलेली वटी काढून घेतली की हो तुमी! आन् वर संशयास्पद म्हणला!"

"एक मिनिट, एक मिनिट!" इंद्रजीत पुन्हा उठला. "क्रिकेटमध्ये ओटीला कायदेशीर आधार काय?"

कोपऱ्यातून एकनाथरावांचा आवाज आला. ते मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचत होते. "नियमावली तपासली. 'ओटी' हा शब्द कुठंही नाही. पण 'भरलेली ओटी रद्द करता येईल' असंही कुठं म्हटलेलं नाही."

नवरा कुणाच्या बाजूनं आहे हे जगातल्या बायकांना वेळेवर कधीच कळत नाही! प्रभाताईंच्या कानशिलांवरून घाम ओघळला. तरी त्या तशा हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. "भावना समजली," त्या म्हणाल्या. "पण भावनेपोटी इतका झुकता सौदा या लीगमध्ये आजवर झालेला नाही! उद्या प्रत्येकजण ओटी भरत सुटेल!"

"पूर्वी असं झालंय का ते बघू या," इंद्रजीत म्हणाला. त्याला पूर्वीचे दाखले फार आवडायचे. त्यानं ॲपमध्ये कुठंतरी खोल बोट घातलं. "ही बघा यादी. 'आजवरचे सर्वात झुकलेले सौदे.' बिराजदारचा सौदा... दुसऱ्या क्रमांकावर आहे."

"आणि पहिल्या?"

इंद्रजीतनं आधी प्रभाताईंकडं बघितलं. मग परीक्षेतलं न आलेलं उत्तर लिहावं तसं त्यानं वाचलं. "गेल्या वर्षीचा एप्रिल. गिरिजा इलेव्हन देणार : इवान क्षीरसागर. प्रभा पँथर्स देणार : बबन डिकॉस्टा, निवृत्तीच्या मार्गावर. मंजुरी देणार : कमिशनर, म्हणजे... आपण स्वतः. मंजुरीला लागलेला वेळ : चार सेकंद."

खोलीत शिवप्पाच्या चघळण्याचा आवाज तेवढा येत होता. शेंगदाणा असावा.

इवान क्षीरसागर! प्रभाताईंच्या संघाचा हुकमाचा एक्का, लीगमधला सगळ्यात जास्त विकेट काढणारा बॉलर!

"तो चोख व्यवहार होता!" प्रभाताई उसळल्या. "मी घासाघीस केली होती! तासभर! अक्का, सांगा की, कशी घासाघीस केली मी!"

"कसली घासाघीस गं?" गिरिजाबाई म्हणाल्या. रागानं नाही, तेच तर वाईट होतं. "पित्ताशयाचं आपरेशन झालं हुतं तुझं. कॉटवर पडून रडत हुतीस. काय आणू म्हटलं तर तुला तेल चालंना, तूप चालंना, शेंगाची चटणी तर लांबच. मोसंबीचा रस घेऊन घेऊन कावली हुतीस. म्हटलं बॉलर तरी घे बाई! तू म्हणालीस एक माणूस तरी बदल्यात देती. मी म्हटलं बरं. त्याला तू घासाघीस म्हणतीस?" त्या उठल्या. "क्षीरसागर बी परत घेती का आता? का त्याला चालतंय?"

आणि नाजनीनचा हात धरून त्या गेल्या. पोहे तसेच.

जाता जाता बाकीच्यांनी एक नवा नियम करून टाकला : कमिशनरचा स्वतःचा सौदा असेल, तर इतरांना आक्षेप घ्यायला दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत मुदत. प्रभाताईंनी मान हलवली. त्या क्षणी कुणी त्यांना गडचिरोलीला जा म्हटलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती.

दुपारी त्या कॉटवर आडव्या झाल्या. तोंड भिंतीकडं. आता तुम्हाला वाटेल, बाईला पश्चात्ताप झाला. झाला की! पण पश्चात्तापाच्या खाली, अगदी तळाशी, अजून काहीतरी खदखदत होतंच.

"अहो."

"हं."

"मला बॉलर मिळायला पित्ताशय काढावं लागलं. आणि तिला बॅट्समन मिळायला नुसती चप्पल तुटावी लागली!"

एकनाथरावांनी पेपराची घडी घातली आणि विचारलं, "तुझ्याकडं आलीय का कधी ती? नाजनीन?"

"नाही."

"बोलावलंयस कधी?"

प्रभाताईंनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

सोमवारी सकाळी प्रभाताईंनी आधी ॲप उघडलं. बिराजदारचा सौदा गुपचूप मंजूर करून टाकावा, असा बेत. पण ॲप म्हणालं, 'एकदा रद्द केलेला सौदा या सीझनमध्ये पुन्हा करता येणार नाही.' मेलं माणसांपेक्षा कडक! मग त्यांनी पिशवी घेतली, शिवप्पाच्या दुकानातून नारळ घेतला, पुढं जाऊन चांगल्यातला खण घेतला, मोरपंखी, जरीच्या काठाचा. परत येताना गुडघा कुरकुरत होता, त्याला त्यांनी मनातल्या मनात रागावलं. चार वाजता शाळा सुटल्यावर त्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या.

"नाजनीन, आमच्याकडं चहाला ये. आत्ता. नाही म्हणू नकोस, मला आग्रह करता येत नाही."

नाजनीन आली. बिचकत बाहेरच चप्पल काढली, अगदी कडेला. चहा झाला. प्रभाताईंनी कप उगाच बशीत सारखे केले.

"चुकलंच माझं," प्रभाताई शेवटी म्हणाल्या. "ते संशयास्पद वगैरे."

"असू दे ताई. तुमचं ऑपरेशन किती अवघड होतं ते ऐकून मला तर राग आलाच नाही."

"काल अक्का नुसतं ऑपरेशन म्हणाल्या. अवघड होतं हे तुला काय माहीत?"

"सगळं माहीत आहे! सात खडे निघाले होते ना?"

"आठ!" प्रभाताई ताठ झाल्या. "आठवा बारीक होता, अक्का तो धरत नाहीत. पण तुला कुणी सांगितलं?"

"दुसरं कोण सांगणार?" नाजनीन हसली. "फिरायला गेलो की अर्धी वाट तुमच्या गोष्टी. प्रभा अशी बोलली, प्रभा तशी पडली, प्रभेनं कंडक्टरला कसं गप्प केलं. उरलेली अर्धी वाट, प्रभेचा गुडघा बरा झाला की तिला पण आणायचं." ती कपाच्या कानाशी चाळा करत राहिली. "खरं सांगू? कधीकधी मला फार वाईट वाटतं. वाटतं, मी नुसती बदली खेळाडू आहे. मूळ खेळाडू जायबंदी आहे म्हणून खेळवतायत."

प्रभाताईंनी हातातला कप खाली ठेवला. हिलाही जळतं? आपल्यावर? एवढ्या झपाझप चालणारीला? आठवडाभर पोटात पेटलेलं ते काय होतं ते अचानक शेजारच्या खुर्चीत बसलेलं दिसलं, आणि त्याचं तोंड इतकं केविलवाणं होतं की बाईंना गहिवरूनच आलं!

गहिवरलेल्या बाईच्या हातात मोबाइल देऊ नये. पण तो होता.

"ऊठ! पसर ओढणी!"

"ताई?"

"पहिल्यांदा आलीस घरी!" प्रभाताईंनी नारळ घातला, खण घातला, मूठभर तांदूळ घातले. तरी मन भरेना. "आणि हा क्षीरसागर घे!"

"नक्को ताई! तो तुमचा सगळ्यात चांगला..."

"ओटीला नाही म्हणत नाहीत! दे तो पोतदार इकडं. त्याला बघते मी. औषधपाणी करते त्याचं."

टिंग! सौदा गेला. आक्षेपाची मुदत, दुसऱ्या दिवशी पाच.

नाजनीन गेली ती हसत गेली. लीग सोडायचं नाव तिनं परत काढलं नाही. प्रभाताईंनी खिडकीतून बघितलं, उघडपणे, पडदा बाजूला करून. समोर गिरिजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नाजनीनकडं बघितलं, तिच्या ओढणीतल्या नारळाकडं बघितलं, मोरपंखी खणाकडं जरा जास्तच वेळ बघितलं, आणि धाडकन दार लावून घेतलं. त्या दिवशी फिरायला कुणीच गेलं नाही.

मंगळवारी सकाळी प्रभाताई भाकरी थापत होत्या. टिंग!

"अहो, बघा हो जरा. माझे हात पिठाचे आहेत."

एकनाथरावांनी मोबाइल उचलला. वाचला. चष्मा सरळ केला. "आक्षेप आलाय. तक्रारदार, गिरिजा इलेव्हन."

"अक्का? काय म्हणतायत? वाचा, वाचा!"

"'मी दुखण्यात दिलेला बॉलर हिनं दुसरीच्या वटीत घातला. लोकं खण फिरवत्यात तसा माझा क्षीरसागर फिरवला. आन् नाजूला च्याला बोलावलं, समोर ऱ्हाती तर मला हाक बी मारली न्हाय. दोघी बसून हसत हुत्या, माझ्या घरापतूर ऐकू येत हुतं. मला दोघींनी परकी केली. माझा आक्षेप हाय.'"

प्रभाताईंचा हात भाकरीवर थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती करपू दिली.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"ते 'परकी केली' आहे ना, तिथून वाचा."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर प्रभाताईंच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की एकनाथरावांना त्यांच्या लग्नातला फोटो आठवला. त्यात सुद्धा त्या इतक्या खूश दिसत नव्हत्या.

"मग? अर्ज निकाली काढायचा की नाही?" त्यांनी विचारलं. "का जातेस समोर, समजूत घालायला?"

"पाचपर्यंत मुदत आहे ना?"

"आहे."

प्रभाताईंनी करपलेली भाकरी उलटली आणि नवा गोळा हातात घेतला.

"मग जळू दे की जरा!"